वरचा पत्रा कोणाचा?

जबाबदारी या शब्दावर आमच्या शेजारच्या काकांइतकं प्रेम केलेला माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. प्रेम अर्थात शब्दावर. खुद्द जबाबदारी ते कायम दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करत. हयात तहसील कचेरीत शिपाई म्हणून गेलेली. पंचनाम्याला निघालेल्या साहेबांची पिशवी धरून धरून अर्धा कायदा त्यांच्या अंगात मुरला होता, आणि उरलेला अर्धा ते गरजेनुसार स्वतः तयार करत.

वाळूजच्या अलीकडं एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही वीसेक बिऱ्हाडं राहत होतो. जमीन मालकाची, तिचं भाडं महिन्याला. वरची पत्र्याची खोली मात्र ज्याची त्यानं उभी केलेली. त्यामुळं पायाखालचं काही बिघडलं की मालक आमच्याकडं बोट दाखवी आणि डोक्यावरचं बिघडलं की आम्ही आभाळाकडं. ही व्यवस्था काकांच्या प्रतिभेला भलतीच मानवली होती. गल्लीत मेलेला उंदीर दिसला तर काका आधी त्याचं तोंड कुठल्या खोलीकडं आहे ते बघत. "आठ नंबरकडं चालला व्हता. व्हय ना? मग उचला, आठ नंबर!" आठ नंबर म्हणजे मी. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. रस्त्यातली वीट, दगड, फुटका माठ, ज्याचा असेल त्याच्या खोलीचा नंबर टाकून काका मोकळे. एकदा तर उन्हात झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर त्यांनी चार आकडा काढला, कारण त्याला भाकरी चार नंबरवाले घालत. मात्र एक मानलं पाहिजे, नोंद कधी चुकीची नसे. "खोटी नोंद म्हंजी पाप," असं म्हणून ते कानाला हात लावत. कामाला तेच हात कधी लागल्याचं आम्हाला आठवत नव्हतं.

अशात वैशाखातल्या एका दुपारी वावधान सुटलं. दहा मिनिटांत निम्म्या खोल्यांचे पत्रे उडाले, बाभळीची मोठी फांदी मोडली आणि सगळं गल्लीच्या तोंडाशी येऊन पडलं. नेमकी तिथंच भाभींची हातगाडी उभी होती. भाभी नवऱ्यामागं दोन पोरी सांभाळत, सकाळच्या शिफ्टच्या बसथांब्यावर पोहे-चहा विकत. घर त्या गाडीवर चालायचं, आणि गाडी ढिगाऱ्याखाली.

मग हा पसारा उचलायचा कोणी, यावर विचारविनिमय सुरू झाला. आमच्याकडं विचारविनिमयाला माणूस कधी कमी पडत नाही. मालक मोटारसायकलवरून आला, खाली न उतरता "पत्रे तुमचे" म्हणाला आणि गेला. ग्रामपंचायतीचा माणूस "प्लॉट खाजगी" म्हणाला. आम्ही "झाड सरकारी" म्हणालो. शेवटी काकांनी खडू काढला आणि निकाल दिला, "ढीग वरून उचलत्यात, खालून नाय. वरच्या पत्र्यावाला पैला. तवर काडीला हात लावायचा नाय कुणी." असला सोयीचा कायदा गल्लीनं डोक्यावर घेतला नसता तरच नवल. ज्यांचे पत्रे खाली होते ते निवांत विड्या ओढत बसले. प्रश्न एवढाच उरला, की वरचा पत्रा कोणाचा?

आता खरं सांगतो. तो माझा होता. कोपऱ्यातल्या भोकाला मी स्वतः डांबर फासलं होतं. पण त्याच पत्र्याच्या ढिगाऱ्यावरून तिरक्या खाली घुसलेल्या धारेनं गाडीची पुढची दोन्ही चाकं पार वाकली होती, आणि मला कंपनीनं नुकताच ब्रेक दिला होता. हंगामी कामगाराला काही महिन्यांनी घरी बसवतात, त्याचं हे गोड नाव. पत्रा माझा म्हटलं की चाकंही माझ्याच गळ्यात. काकांनी विचारलं, "आठ नंबर, तुझा हाय का रं?" मी म्हणालो, "नाय, काका." त्यांनी डांबराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खडू खिशात ठेवला.

तीन दिवस ढीग तसाच. चौथ्या सकाळी भाभी काकांपुढं येऊन उभ्या राहिल्या. "काका, गाडी निकलेंगी तो चूल्हा जलेंगा. तुम्हारा कायदा मेरेकू नक्को." एवढंच बोलल्या. मी खोलीच्या आत होतो, बाहेर आलो नाही.

काका उठले. ढिगाऱ्यावर चढले आणि वरच्या पत्र्यावर खडूनं भला मोठा सात काढला. सात नंबर त्यांचा स्वतःचा! "माजा हाय," म्हणाले, "ध्यानात आलं नव्हतं." आणि ज्या माणसाला कोणी काम करताना पाहिलं नव्हतं, तो पत्रा ओढायला लागला. हात कापला, तरी थांबेना. मग मात्र बाकीचे शरमले, विड्या टाकून उठले, आणि दुपारपर्यंत गल्ली मोकळी झाली. मीही राबलो, इतरांपेक्षा जास्तच. संध्याकाळी काकांनी आपल्या सायकलची दोन्ही चाकं काढून भाभींच्या गाडीला बसवली. पुढं मुलाकडं मुकुंदवाडीला जाईपर्यंत ते पायीच फिरले.

मला पुन्हा काम लागल्यावर मी मुकुंदवाडीला गेलो. म्हटलं, "काका, तो पत्रा माझा होता." काका चष्मा पुसत म्हणाले, "नोंद झाली. आता फेरफार व्हत नसतो." आणि चहा मागवला.

काका गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी भाभींच्या गाडीपाशी गेलो आणि इतक्या वर्षांनी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. "मेरेकू मालूम था भाई. काकाका एकबी पत्रा उड्या नहीं था. सबकू दिखताच था. तुम ब्रेकपे थे, करके कोई बोल्या नहीं."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोह्यांची बशी त्यांनी पुढं केली. ती हातात धरून मी तिथंच उभा राहिलो, आणि काकांची फार आठवण येत राहिली.