दुखण्याला नाव देणारे डॉक्टर

लांज्याच्या एसटी स्टँडवर चुलतभावाने सांगितलं, "बापू डॉक्टर गेले रे." महिना झाला. दुपारी डोळा लागला की अजून त्यांचा रत्नागिरीतला दवाखाना दिसतो, खिडकीचा पडदा मंद हलताना...

एक्क्याऐंशी साली मी सव्वीस वर्षांचा, बोटीवर नोकरीला. मुली सांगून येत आणि मी काहीतरी खुसपट काढून नकार देई. खरं कारण आईला आणि मलाच ठाऊक. माझी लघवीची वाट टोकाला नव्हती, खालच्या बाजूला होती आणि इंद्रिय वाकलेलं. सुईणीने आईला बजावलं होतं, "गप ऱ्हा, मोटा झाला की आपसूक सरकंल." आम्ही मायलेक सव्वीस वर्षं ते सरकायची वाट बघत बसलो, आता काय म्हणावं!

जळजळ सुरू झाली म्हणून नाइलाजाने डॉक्टरांकडे गेलो. मी कपडे सोडेपर्यंत ते पाठ करून खिडकीशी उभे राहिले, बांगड्याचा भाव विचारत. मग तपासून म्हणाले, "याला हायपोस्पेडियास म्हणतात. जन्मापासूनचं आहे, पण दुरुस्त होतं." मी ढसाढसा रडलो. नाव आहे म्हणजे माझ्यासारखे आणखीही कोणी असणार.

आईने ग्रामदेवतेला कौल लावला. फूल डावीकडे पडलं. ती तडक दवाखान्यात आली. "डाक्टर, देव नाय म्हंतो."

"तुम्ही विचारलंत काय?"

"कापू काय नको."

"मग तो नाहीच म्हणणार! पोराचा संसार उभा राहू दे का, असं विचारा."

या खेपेला फूल उजवीकडे पडलं. गुरवाने ते मुद्दाम सैल लावलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मुंबईचे सर्जन बोलावून डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया करवल्या. नळी लावून पडलो होतो ते दिवस आता धुक्यातले वाटतात... समुद्राची गाज आणि त्यांचा हळू आवाज. घरी सोडताना म्हणाले, "टाके आम्ही घातले. मुलीला सांगायचं काम तुझं, तेही लग्नाआधी."

पुढे सांगून आलेल्या एका मुलीला वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता दुखतं का हो?"

हा लेख मी निनावी पाठवणार होतो. काल तिने, माझ्या बायकोने, वाचला आणि म्हणाली, "आणखी कोणी असाच गप्प बसला असेल. नाव घाला."

घालतो आहे.

— सदानंद पाष्टे