जयवंताचे बोल्ट

"उंबरठो बसवलो की ह्या घर कायमचा झाला!" जयवंत ओरडला.

"मगे सणाक रांगोळी खय घालू? तुमच्या बोल्टार?" ही मालन, त्याची बायको.

हे जुनं भांडण मी शेजारी तांदूळ निवडताना ऐकलं. चोरून नाही हो. आमच्या ट्रान्झिट कॅम्पात प्लायच्या भिंती डोक्यावर हातभर जाऊन थांबतात, वर छप्पर सगळ्यांचं एकच. एकाला ठसका लागला की चौथ्या घरातून पाणी विचारतात.

घाटकोपरची आमची चाळ पाडली, तेव्हा बिल्डरने मुलुंडला ही शेड मारून दिली. लोखंड कारखान्यातूनच कापून, भोकं पाडून आलं. दोन्हीकडे खांब, वर तिरक्या तुळया आढ्याला भिडलेल्या. क्रेनने उचलायचं नि बोल्ट आवळायचे. गणपती बसून उठेपर्यंत शेड उभी! बिल्डरचा माणूस सुबोध म्हणाला, "काळजी नको आजी, नुसतं नटबोल्टचं काम. तुमची इमारत झाली की खोलून नेऊ."

जयवंत गिरणीत फिटर होता. त्याने तो शब्द धरून ठेवला. गंजलेला बोल्ट सुटत नाही, म्हणून दर शनिवारी मारुतीला तेल घालून आला की मशीनच्या तेलाची कुपी नि पाना घेऊन निघायचा. हात पोचेल त्या प्रत्येक बोल्टाला तेल. पोरं हसायची.

"हसा," तो म्हणायचा. "जायच्या दिवशी माकाच हाक मारशात."

मालनने उंबरठा मागायचं सोडलं. रांगोळी खांबाच्या पायाशी, बोल्टांभोवती काढायला लागली. आणि घाटकोपरला आमच्या जागेवर गवत. बकऱ्या चरतात तिथे! मेल्यांना लोखंड चुटकीसरशी उभं करता येतं, पण आमच्या घराची एक वीट दुसरीवर चढत नाही.

यंदा सुबोध वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. बोल्ट जोडूनच टाकणार म्हणे.

"वेल्डिंग मारलंस तर ह्यो सुटतलो कसो?" जयवंत आडवा झाला.

"सुटायला कशाला हवाय काका? झकास मजबूत होईल. तुम्हालाच राहायचंय ना इथे?"

गेलं तोंडातून निघून. आमचं घर व्हायचंच नव्हतं, हे तेव्हा कळलं सगळ्यांना.

मालन उठली ती सरळ आपल्या रांगोळीवर, खांबाला टेकून बसली. "आमका हय रवाचा नाय. लाव आता तुझी आग."

मग मीही बसले, गुडघ्यांना शिव्या घालत. बघता बघता प्रत्येक खांबाशी एकेक बाई. सुबोधने मशीन गुंडाळलं. इमारतीचं मात्र आजही नाव नाही, आणि ह्यांना लाजही नाही.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात जयवंत झोपेत गेला. घाटकोपर न बघता.

पण आदल्या शनिवारी मारुतीहून आला होता. माझ्या दाराजवळच्या खांबाशी वाकला, तेल सोडलं, पाना लावून नट जरासा फिरवला.

"सुटता रे?" मी विचारलं.

"सुटता, काकी."

नट परत आवळला, कुपीचं तोंड पुसलं, नि पुढच्या खांबाकडे गेला.