वस्तीच्या काठावरचा काळा पट्टा

रामदासचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दाखले लिहीत बसलो होतो. वाशीमला एका शाळेत मी लेखनिक आहे. रामदास गावाकडचा, पंचफुला आत्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी, एरवी मिस्ड कॉलवर भागवणारा माणूस. त्यानं सरळ फोन केला तेव्हाच मी पेन खाली ठेवलं. "आत्या गेली," तो म्हणाला. कशी गेली विचारलं तर म्हणे, "दुपारचा चहा पेली, चुलीवर पानी मारलं, खाटेवर आंग टाकलं... बस. चूल इझवून गेली बाप्पा." मला आधी हसू आलं आणि मग रडू. माणसं जाताना घोटभर पाणी मागतात. हिनं आपल्या वाटचं चुलीला पाजलं. हातातला दाखला चुकला, तो फाडला, दुसरा घेतला, तोही चुकला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही जा.

पंचफुला आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. आमचं गाव कामरगावच्या पुढे, जीपनं अर्धा तास. आमची बौद्धवस्ती गावाच्या अगदी पश्चिमेच्या कडेला, आणि वस्तीला लागून गायरान. पावसाळ्यात हिरवंगार, दिवाळीनंतर पिवळं, आणि उन्हाळ्यात असं कोरडं की पायाखाली मोडताना आवाज यावा. आत्यानं वीसेक वर्षं जंगलात रोजंदारी केली. काम एकच, जाळरेषा काढायची. म्हणजे उन्हाळा लागायच्या आत गवताचा लांबच लांब पट्टा खरवडायचा आणि आपल्या हातानं जाळून टाकायचा, की पुढे वणवा आला तर त्याला तिथं खायला काही मिळू नये. अंगठा लावणारी बाई, पण वाऱ्याचं तिला जे कळायचं ते आम्हा शिकलेल्यांना अजून कळत नाही. चिमूटभर माती घ्यायची, छातीएवढ्या उंचीवरून सोडायची, ती कुठं पडते पाहायची आणि म्हणायची, "आता नाई. अर्ध्या घंट्यानं."

होळी झाली की तिची वस्तीत फेरी सुरू व्हायची. आमच्याकडे कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, गुरांचं कुटार सगळं घराला खेटून ठेवायची खोड. जवळ असलं की बरं पडतं. विमलबाईनं एकदा तुराट्यांचा ढीग भिंतीला लावला तर आत्या दारात उभी राहून म्हणाली, "काहून वो विमल, घराले सरन रचून राह्यली का?" विमलबाई बिचारी कानावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, असं अभद्र बोलू नका वो." तर आत्या म्हणते, "अभद्र ढीग हाये, मी नाई." आणि स्वतःच ढीग ओढायला लागली. तिच्याशी भांडून कोणी जिंकलेलं मला आठवत नाही. मला ती 'सायब' म्हणायची. पोरगा लिहिण्याच्या नोकरीला लागला याचा तिला अभिमान होता, आणि तो रविवारी येऊन शेती करतो याची तेवढीच चेष्टा. "रविवारचा कास्तकार आला वो," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं. आत्याची आठवण काढता काढता स्वतःला वाचवून न्यायचं, तर मग कशाला लिहायचं?

सहा-सात वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा फार वाईट होता. पाऊस कमी झालेला, मार्चमध्येच विहिरी तळाला गेलेल्या. एप्रिलच्या एका रविवारी धुरा जाळायचा म्हणून मी शनिवारीच गावी आलो. आमच्याकडे पेरणीच्या आधी वावराच्या कडेचा धुरा, त्याच्यावरचं गवत-काट्या, पेटवून साफ करतात. सगळेच करतात. आत्यानं आदल्या दिवशी बजावलं होतं, "पहाटं लाव सायब. सकाळी वारा निजला असते. अन् शेजारच्या दोन वावरवाल्याइले सांगून लाव, एकटा नको लावू." मी हो हो म्हटलं. सकाळी उशिरा उठलो, चहा झाला, गप्पा झाल्या, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली. वावरात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि परतीची जीप तीनची. आज नाही केलं तर पुढचा रविवार... पुढच्या रविवारी शाळेत कामं. लेखनिकाच्या डोक्यात जसा हिशोब चालतो तसा चालला आणि मी काडी ओढली.

धुरा छान पेटला. पाचच मिनिटं छान पेटला. मग वारा फिरला आणि नाल्यातल्या वाळल्या लव्हाळ्यावरून आग पलीकडे गायरानात गेली. पळसाची फांदी तोडून मी झोडपत सुटलो, पण उन्हात जाळ दिसतसुद्धा नव्हता. नुसतं गवत काळं होत पुढं चाललेलं दिसायचं, आणि ते माझ्यापेक्षा वेगानं चाललं होतं. समोर, उताराच्या खाली, आमची वस्ती. चाळीस-पंचेचाळीस घरं. मी ओरडत पळालो. हे मात्र केलं, पळालो तो वस्तीकडेच पळालो.

तिथं एकच गोंधळ. कोणी बकऱ्या सोडतंय, कोणी सिलेंडर ओढतंय, कोणी टीव्ही डोक्यावर घेऊन उभं, विहारातली मूर्ती दोघांनी उचललेली आणि कुठं न्यावी हे कळत नाही. आगीची गाडी कारंज्याहून येणार. ती येईपर्यंत काय उरणार होतं? आत्या दारातून आली ती तिचं ठरवूनच. गायरान आणि घरं यांच्यामध्ये एक गाडवाट आहे, जेमतेम बैलगाडीपुरती. तिनं बायांना सांगितलं, पोते ओले करा आणि या वाटेवर रांगेनं उभ्या राहा. मग पदराच्या गाठीतून काडेपेटी काढली, खाली वाकली आणि वाटेच्या पलीकडच्या कडेचं गवत स्वतःच पेटवायला लागली. लोकांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला. रामदास धावत आला आणि त्यानं तिच्यावर हात उगारला. हे तोही आज सांगतो, लाजत सांगतो. आत्या वाकलेली सरळ झाली नाही. म्हणाली, "मारजो. पन पह्यले एवढं गवत जयू दे."

तिची आग वाऱ्याच्या उलटी, हळूहळू सरकत गेली. घरांकडे वळायला लागली की बाया ओल्या पोत्यानं दाबायच्या. आधी मोठी आग लांब होती, मग दिसायला लागली, मग तिची धग तोंडाला लागायला लागली, आणि तेव्हा आत्याची लहान आग एकाएकी उठून तिच्याकडेच ओढली गेली. दोघी भेटल्या. मोठा आवाज झाला, धूर उंच गेला आणि मग... काहीच नाही. समोर सगळं काळं. खायला काही उरलंच नव्हतं. उत्तरेच्या टोकाला विमलबाईचा गोठा तेवढा गेला. तिथवर आमचे हात पोचले नाहीत. तिची कालवड भाजली आणि तिसऱ्या दिवशी मेली. बाकी सगळी घरं उभी राहिली. आत्याच्या भुवया जळाल्या होत्या आणि उजवा हात कोपरापर्यंत सोलला होता.

आग कोणी लावली? हा प्रश्न विझवून झाल्यावर दहा मिनिटांत आलाच. गायरानाच्या वरच्या अंगाला खंडूभाऊ मेंढ्यावाल्यांचा डेरा होता. ते दरवर्षी यायचे, कापणी झालेल्या वावरांत मेंढ्या बसवायचे, खत व्हायचं. तीन दगडांची त्यांची चूल सगळ्यांनी पाहिलेली. झालं, चूल म्हणजे गुन्हेगार; नाल्यापलीकडचा माझा धुरा कोणी पाहिलाच नाही. पुरुषमंडळी तिकडे गेली. त्या गर्दीत मागे मी होतो. खंडूभाऊ हात जोडून सांगत होते की आमची चूल सकाळीच विझली, आता हिनं दुसऱ्यांदा पेटवली, आग तर त्याच्या आधीची. कोण ऐकतं! डेरा उचला, एवढंच सगळे म्हणत होते. त्यांची बायको हिराबाई भाकरी करत होती. तव्यावरची अर्धी कच्ची भाकरी तिनं उचलून फडक्यात बांधली, आणि भांडी भरायला लागली. मी काही बोललो नाही. मी घड्याळ पाहिलं, जीप चुकेल म्हणून. इतक्या वर्षांत मला स्वतःची लाज वाटायला दुसरं काही शोधावं लागलेलं नाही.

निघताना आत्याकडे गेलो. हाताला ओलं फडकं गुंडाळून बसली होती. माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "तुया धुरा लय साफ जयला, सायब." एवढंच. माझी जीप मिळाली.

पुढच्या वर्षीपासून आमच्या वस्तीत एक रीत पडली, ती तिची. माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी पहाटे प्रत्येक घरानं एक माणूस, एक ओलं पोतं आणि एक घागर पाणी द्यायचं. गाडवाटेच्या पलीकडे दहा पावलं रुंद पट्टा सगळ्यांनी मिळून जाळायचा. आणि राखेवर उलटा हात ठेवून ती गार लागेपर्यंत कोणी चहाला जायचं नाही. एका जावयानं एकदा मधेच चहा मागितला तर आत्यानं त्याला राखेत हात घालायला लावला. "लागलं ना? मंग चहा बी गरमच राहीन, पयून नाई जात." त्या पट्ट्यानं त्यानंतर दोनदा वणवा अडवला. मी दरवर्षी रजा टाकून यायचो, सगळ्यात आधी पोतं भिजवायचो, आणि लोक म्हणायचे, पोरगा नोकरीला लागूनही गावाला विसरला नाही.

मेंढ्या मात्र परत आल्या नाहीत. त्याचा परिणाम पाहिला तो फक्त आत्यानं. "मेंढ्या होत्या तवा गवत गुडघ्याच्या खाली राहे," ती मला म्हणाली. "आता कंबरेले लागून राह्यलं. आपल्याच घराचे राखनदार हाकलले आपन." मी विचारलं, "आत्या, तू काहून सांगत नाईस लोकाइले?" तिनं सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाली, "म्या सांगतलं त चुगली होते. तुले सांगाचं त सांग, नाई त नको सांगू. पन त्या बाईची भाकर अर्धी राह्यली रे..." कामरगावच्या बाजारात तिनं खंडूभाऊंना गाठून त्यांचा नंबर आणला होता. तो मला दिला. दिवाळीला भेटलो तेव्हा विचारलं, "लावला का फोन?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाली आणि फराळाची ताटली पुढे केली. ती आमची शेवटची भेट.

आत्याच्या मागचा जलदानाचा कार्यक्रम झाला आणि आठवड्यानं पट्ट्याचा रविवार आला. मला वाटलं होतं, यंदा कोण येतंय? पहाटे जाऊन पाहतो तर सगळी वस्ती वाटेवर उभी. पोती भिजलेली, घागरी भरलेल्या. फक्त पुढे कोणी होत नव्हतं. काडेपेटी या हातातून त्या हातात फिरत होती. शेवटी रामदासनं ती माझ्या हातात ठेवली. "तुमी लावा, सायब. तुमी तिचे लाडके."

मी म्हटलं, "मी नाही लावत. गोठा गेला त्या साली ती आग मीच लावली होती. माझ्याच धुऱ्यावरून गेली. खंडूभाऊंचा काही संबंध नव्हता, आणि मी तिथं उभा होतो. त्यांचा नंबरही आत्यानं मला देऊन ठेवलाय."

घागर खाली ठेवल्याचा आवाज आला तेवढा. मी विमलबाईकडे पाहिलं. कालवड तिची गेली होती, पहिली शिवी तिचीच येणार. ती खाली बघत म्हणाली, "अन् आमी त्या बाईले अर्ध्या भाकरीवरून उठवलं." मग रामदास म्हणाला, "लाव फोन त्याले. आत्ताच्या आत्ता, सगळ्याइसमोर." तर विमलबाईनंच चिमूटभर माती उचलून सोडली. "पह्यले पट्टा. थोड्या वेळानं वारा उठते." पट्टा झाला. राख गार झाली. कोणी माझ्याशी बोललं नाही, पण माझ्या हातातलं पोतंही कोणी काढून घेतलं नाही. मग मी स्पीकरवर फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. खंडूभाऊ शेवटी म्हणाले, "मी काय सांगू? घरात विचारतो."

बारा-तेरा दिवसांनी रामदासचा मिस्ड कॉल आला. मी उलटा फोन केला तर म्हणतो, "आले." मी त्याच शनिवारी गेलो. गायरान पांढरं झालं होतं मेंढ्यांनी. हिराबाईनं यंदा डेरा वर नव्हता टाकला. अगदी वस्तीजवळ, तीन दगड बरोबर काळ्या पट्ट्यावर मांडून चूल केली होती, जिथं पेटायला आजूबाजूला काडी नाही. विमलबाई शेजारी बसून पीठ मळून देत होती. आत्यानं हे पाहायला हवं होतं असं फार वाटलं, आणि मी ते विमलबाईला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मंग काय, पट्टा कोनाचा हाये? तिचाच ना?"

मी हात जोडले. माफी मागितली ती मागितलीच, पण माझी जीभ लेखनिकाची, काहीतरी काम काढल्याशिवाय तिला राहवत नाही. म्हटलं, "वहिनी, माझ्याही वावरात मेंढ्या बसवा." हिराबाईनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्याला लावली, फुगू दिली, पूर्ण भाजली आणि विमलबाईच्या ताटात टाकली.

"यंदा विमलबाईचं वावर," ती म्हणाली. "मंग रामदासभाऊचं. तुमचं नाई."

मी मान हलवली आणि वळलो. चार पावलं गेलो असेन.

"पुढच्या साली पाहू," ती मागून म्हणाली.