कौलारू जहाज

माझे बाबा जयपूरला आले ते उजव्या मनगटाला प्लास्टर घालून आणि तोंडाला कुलूप लावून.

कोकणातल्या आमच्या घराचं छप्पर कौलांचं. दर वर्षी मे महिन्यात ती कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावावी लागतात. त्याला कौलं परतणं म्हणतात. आई होती तोवर ती अंगणात उभी राहून ओरडायची, म्हणून बाबा गड्यांना वर पाठवून स्वतः शिडी धरायचे. आई गेल्यावर ओरडायला कुणी उरलं नाही. पंचाहत्तरी उलटलेले हे गृहस्थ एकटेच वर चढले आणि तिथून थेट पडवीशेजारच्या लाकडांच्या ढिगावर उतरले. ‘मनगटावर निभावलं,’ असं डॉक्टर म्हणाले. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करते, माणसाला काय काय होऊ शकतं याचा विचार करायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मला त्या ‘निभावलं’ने जराही बरं वाटलं नाही. मी एकुलती एक. उचललं आणि इकडे घेऊन आले.

प्लास्टर निघालं तसं तोंडाचं कुलूपही निघालं. आत एकच वाक्य होतं. “पुढच्या मेच्या आत मला गेलं पाहिजे. कौलं परतायची आहेत.”

माणसं लावून होतं की ते काम, असं मी हजारदा सांगितलं. पण खरी अडचण कौलांची नव्हतीच. लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नाही, हा त्यांच्या पिढीचा कायदा. माझे आजोबा तर लेकीकडे पाणीसुद्धा जपून पीत. बाबा त्यामानाने सुधारलेले. चहा, जेवण, दुपारची झोप सगळं घ्यायचे, पण बॅग भरलेली ठेवायचे. मी कपाटातला एक खण त्यांच्यासाठी रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला. शर्ट बॅगेतून निघायचा आणि धुऊन, घडी होऊन परत बॅगेत जायचा.

संक्रांतीला इथे सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर चढतं. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून बघत बसले होते. “बघ,” ते म्हणाले, “अख्खं गाव छपरावर आहे. मी चढलो की मात्र गुन्हा.”

या माणसाच्या हाताला काहीतरी काम द्यायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. असं काम, की मे उलटून गेला तरी संपू नये. मोबाइलवर शोधता शोधता लाकडी जहाजांची मॉडेल सापडली. त्यातलं जे सगळ्यात किचकट दिसलं ते मागवलं. ते निघालं वायकिंगांचं जहाज. लांबट, दोन्ही टोकं वर वळलेली, पुढच्या टोकाला ड्रॅगनचं तोंड. खोक्यातून पातळ पट्ट्यांचा एक भाराच बाहेर पडला.

“ही सुसर कशाला?” बाबांनी ते तोंड उलटसुलट करून पाहिलं.

मी सांगितलं, की हे उत्तरेकडचे लोक फार पूर्वी अशा बोटींतून यायचे आणि किनाऱ्यावरची गावं लुटायचे.

“म्हणजे दरोडेखोरांची होडी आणलीस. बरं.”

सोबत मोठं इंग्रजी माहितीपत्रक होतं. बाबांनी ते उघडलं, नीट घडी घातली आणि टेबलाचा जो पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सरकवलं. “खोक्यावर चित्र आहे ना, तेवढं पुरे.” मग अट घातली. “हे झालं की मी निघणार. तेव्हा मध्ये पडायचं नाही.”

मी मान डोलावली. मोठ्या विजयी मुद्रेने डोलावली.

आमचा फ्लॅट सांगानेरच्या बाजूला. विमानं डोक्यावरून जातात, पाण्याचं मात्र नाव नाही. अशा ठिकाणी जहाज बांधायचं म्हटल्यावर जो येईल तो एकच विनोद करायचा, “अंकलजी, रेगिस्तान का जहाज तो ऊँट होता है!” हा विनोद आपल्यालाच सुचला असं प्रत्येकाला वाटायचं. बाबा दर वेळी नव्याने हसायचे.

पट्ट्या वाकवण्यासाठी आधी भिजवाव्या लागत. एवढी लांब बादली कुठली, म्हणून त्या माळ्यावरून काढलेल्या कूलरच्या टाकीत पडल्या. मग त्यांना वाफ द्यायची. ती मिळे कुकरच्या शिट्टीपाशी, म्हणून घरात रोज कुकर लागू लागला आणि रोज वरण होऊ लागलं. “आज पण वरण?” नवरा विचारायचा. “जहाजाचं आहे,” मी सांगायची. गोंद वाळेपर्यंत पट्टी जागेवर धरायला बाबांनी कपड्यांचे चिमटे पळवले, तेव्हा माझी सांगानेरी ओढणी दोरीवरून उडून खालच्यांच्या निवडुंगात जाऊन पडली. ती फाटलीच होती, म्हणून तिचं शीड झालं. पांढऱ्यावर लाल बुट्ट्या. एवढ्या नाजूक शिडाखाली कुठल्याही दरोडेखोराने कधी दरोडा घातला नसेल.

बाबा रंगले होते. मीही खूश होते. पण मार्च संपता संपता माझा डाव माझ्यावरच उलटायला लागला. बाबा भलतेच भराभर काम करत होते. जहाज पालथं घालून, सांगाड्यावर एकीवर एक चढवत पट्ट्या लावायच्या होत्या, आणि मी कचेरीतून येऊन बघावं तर आणखी एक ओळ लागलेली. मी चिमटे लपवून ठेवले. त्यांनी माझ्या केसांच्या क्लिपा घेतल्या. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर ती शिडी होती आणि खाली ओरडायला कुणी नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी शेवटची पट्टी लागली. बाबांनी क्लिपा सोडवल्या, जहाज दोन्ही हातांनी उचललं आणि पहिल्यांदा सुलटं करून टेबलावर ठेवलं. टेबल डुगडुगलं. पायाखालचं माहितीपत्रक दाबून दाबून चपटं झालं होतं. त्याची पुन्हा नीट घडी करावी म्हणून मी ते काढलं आणि उघडलं. आतल्या चित्रात जहाजाची वरची फळी खालच्या फळीवर बाहेरून चढलेली होती, म्हणजे वरून आलेलं पाणी सरळ ओघळून जाईल अशी. आमच्या जहाजात नेमकं उलटं झालं होतं. प्रत्येक फळीची कड वर तोंड करून उभी, पाणी झेलायलाच ठेवल्यासारखी.

कसं झालं ते मला क्षणात कळलं. पालथं जहाज हुबेहूब छपरासारखं दिसतं. बाबांनी जन्मभर जे केलं तेच केलं होतं. वळचणीपासून सुरुवात, मग खालच्या ओळीवर वरची, तिच्यावर आणखी वरची, थेट आढ्यापर्यंत. त्यांनी जहाज कौलारू केलं होतं.

आणि मला, खरं सांगते, इतका आनंद झाला की उडी मारावीशी वाटली.

“बाबा!” मी कागद नाचवत म्हटलं, “सगळं उलटं लागलंय! सगळं काढावं लागणार!”

बाबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बोटाला चिकटलेला गोंद सोलत होते.

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणजे?”

“तिसऱ्या ओळीलाच कळलं. हात आपोआप कौलं लावत गेला. मग म्हटलं, हे सुलटं केल्यावर पाण्याची पन्हाळ होणार.”

“मग थांबला का नाहीत?”

“थांबून काय? तीन ओळी काढायला कितीसा वेळ लागतो?” ते म्हणाले. “सगळं लागल्यावर काढायचं म्हणजे कसं, पावसाळा सहज जातो. म्हणून तर घाई केली. मध्येच तुझं लक्ष गेलं असतं म्हणजे?”

मी कागदाची घडी घालून तो परत टेबलाच्या पायाखाली सरकवला.

“नुसतं बसून लेकीच्या घरी किती दिवस खायचं, गो?” या वेळी त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “काम अर्धवट आहे म्हटलं की माणसाला थांबता येतं.”

मला रडू आलं. हसूही आलं. इतके महिने मी त्यांना अडकवायला बघत होते आणि ते स्वतःच अडकायला जागा शोधत होते. दोघंही एकाच होडीवर राबत होतो आणि एकमेकांना पत्ता नव्हता. तोंडाने मात्र मी एवढंच म्हटलं, “गोंद सुटणार कसा?”

“वाफेने. कुकर लाव.”

स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याने डोकं बाहेर काढलं. “बाबा, म्हणजे परत वरण?”

“परत वरण, जावईबापू,” बाबा म्हणाले. “काय करणार? तुमच्या बायकोने चूक काढली.”

पहिली शिट्टी व्हायच्या आत त्यांनी फोन उचलला आणि गावाकडच्या शेजाऱ्यांना लावला. कोकणातल्या लोकांना फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. यंदा गडी बोलावून कौलं तुम्हीच परतून घ्या, फुटकी किती निघाली ते कळवा, मला काही यायला जमत नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण बाबा खुर्चीत एकदम ताठ झाले.

“छे हो! लेकीकडे राहतोय कसला? इकडे जहाजाचं काम घेतलंय.”