थिनरशेजारचं टेबल

माझी आत्या साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. तेवीस वर्षं. प्रत्येक घाणा तिने हुंगून ‘चालेल’ लिहिल्याशिवाय वेष्टनात जात नसे. तिचं टेबल मात्र वेष्टनं छापायच्या खोलीला खेटून होतं. मधे प्लायवूडची भिंत, तीही वरून उघडी, आणि पलीकडे दिवसभर शाई नि थिनर. टेबल हलवा म्हणून तिने तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा मॅनेजर म्हणाला, “बघू.” तो ‘बघू’ आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या वर्षी लिंबाच्या साबणाचा अख्खा घाणा परत आला. कुणा शहाण्याने लिंबाचा अर्क थिनरच्या न धुतलेल्या डब्यात भरला होता. दुकानदारांना वास आला, गिऱ्हाइकांना आला, आत्याला नाही. तिने त्यावर ‘उत्तम’ लिहिलं होतं.

डबा कुणी भरला हे कुणी विचारलं नाही. मॅनेजरने आत्यापुढे कागद सरकवला: वयोमानाने माझं नाक निकामी झालं आहे, सबब स्वखुशीने काम सोडते. स्वखुशीने म्हणे.

“नोकरी गेली तर जाऊ दे,” आत्या घरी येऊन म्हणाली, “पण नाक गेलं असं मी लिहून देणार नाही. मला आधी खरं काय ते कळू दे.”

मी तिला नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डोळे मिटून तिने लवंग, रॉकेल, संत्रं पटापट ओळखलं. मग लिंबाच्या दोन बाटल्या आल्या. एक शुद्ध, दुसरीत थिनरचा थेंब. आत्याने शुद्ध लिंबू बाजूला सारलं. “यात काहीतरी कमी पडतंय.”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाटल्यांना बुचं लावली. “नाक ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “वासाची ओळख मेंदूत पटते. एका वासाने तिथे विखुरलेल्या कितीतरी पेशी जाग्या होतात. लिंबू-संत्र्याच्या पेशी बऱ्याचशा सारख्या, थिनरच्या निराळ्या. पण उंदरांना दोन निराळे वास सतत एकत्र दिले, तर मेंदूत ते एकमेकांसारखे होत गेले. माणसाचं छातीठोक नाही सांगता येणार, पण तुमचं तसंच झालेलं दिसतंय.”

“म्हणजे चुकले मीच.”

“जे रोज समोर ठेवलं, तेच तुम्ही शिकलात.”

ते सगळं लिहून घेऊन आम्ही मॅनेजरकडे गेलो. त्याने कागदावरून नुसती नजर फिरवली. “उंदरांचं मला काय सांगता?”

“सही करते,” आत्या म्हणाली. “पण आधी टेबल हलवा, आणि का हलवलं ते राजीनाम्याच्या कागदात लिहा.”

“बघू.”

आत्याने सही केली नाही. आठवड्याने तिला काढून टाकलं. नाक निकामी, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. तेवीस वर्षं त्याच नाकावर यांचा धंदा चालला, हे लिहायला बरी शाई संपली.

तीन महिन्यांनी, त्या टेबलावर बसवलेली नवी बाई आत्याला गेटबाहेर भेटली. दोन मुलांची आई, हसतमुख.

“टेबल हलवायला सांग गं,” आत्या म्हणाली. “अर्ज मी लिहून देते. त्या थिनरने डोकं दुखत नाही का?”

“पहिले आठ दिवस दुखायचं, मावशी,” ती म्हणाली. “आता तिथे नुसता लिंबाचा वास येतो.”