तिसरं वर्ष

माझ्या मुलीला मी मॉन्टेसरीच्या मोठ्या वर्गातून मध्येच काढलं. नवऱ्याने नाही, सासूबाईंनी नाही, मीच. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणावर तरी ढकलायचा मोह होईल.

नेरूळमधली ती शाळा लहानशीच. नऊ, दहा आणि अकरा वर्षांची मुलं एकाच वर्गात, आणि तिन्ही वर्षं त्याच ताई. आज काय करायचं ते सकाळी मुलांनीच ठरवायचं आणि आपापल्या वहीत लिहायचं. परीक्षा नाही, गुण नाहीत. पहिलं वर्ष मी ते सगळ्यांना सांगत मिरवलं. दुसऱ्या वर्षी कुणी शाळेचं विचारलं की मी विषय बदलायला लागले.

त्या वर्षी तिने सुक्या मासळीचा ध्यास घेतला. बोंबील वाळला की किती हलका होतो, हा तिचा प्रश्न. सोसायटीत मासे घेऊन येणाऱ्या, दिवाळे कोळीवाड्यातल्या मावशींना तिने स्वतःच गाठलं. मावशी म्हणाल्या, "ये ना गो बाय, पन सकालीच ये." मग दोन मैत्रिणी, शाळेचा वजनकाटा आणि सोबतीला ताई, अशी वरात दिवाळ्याला जाऊन आली. पुढे दोन महिने वर्गात तेच चाललं होतं. ओल्याचं वजन, सुक्याचं वजन, अपूर्णांक, आलेख. मी चिडवायचे, "मासे विकायला बसणार आहेस का?" ती हसायची. मला त्यात गणित दिसलंच नाही, वास तेवढा आला.

ऐरोलीला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डब्यांआधी मुलांचे टक्के उघडायचे. मी भराभर चपाती संपवून जागेवर परत जायचे. एका रविवारी पाचवीची प्रश्नपत्रिका आणून तिच्यापुढे ठेवली आणि मोबाईलवर एक तास लावला. तिने पहिलंच उदाहरण तीन रीतींनी सोडवून पाहिलं. तास संपला, बाकी पान कोरं. माझा पारा चढला तो चढलाच.

शाळेतून काढते म्हणून सांगायला गेले, तर ताई म्हणाल्या, "तिसरं वर्ष तिला मिळू द्या. आजवर मोठ्या मुलांनी तिला दाखवलं, आता वर्गात तीच मोठी. लहानांना शिकवता शिकवता तिचं पक्कं होईल. आधीची दोन वर्षं त्यासाठीच तर असतात."

"ताई, तुमचं सगळं छान आहे हो, पण पुढचं टेन्शन आम्हाला आहे ना," असं म्हणून मी दाखला घेतला.

नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात डायरीत लाल शेरा आला. न विचारता जागेवरून उठते, शेजारच्या मुलीला गणित समजावते. त्याच संध्याकाळी मी तिला फैलावर घेतलं. "विचारल्याशिवाय काही करायचं नाही, कळलं?" पोरगी हुशार, तिला एकदाच सांगून कळलं. सहामाहीला नव्वदच्या वर गुण आले आणि मी मजल्यावर पेढे वाटले.

मग एकेक लक्षात यायला लागलं. "आई, पान उलटू का?" "आई, निळं पेन घेऊ की काळं?" एकदा फ्रिजचं दार धरून उभी होती, पाणी पिऊ का म्हणून विचारत. स्वतःच्या घरात! भाजी चिरता चिरता मला रडू कोसळलं. ती घाबरून म्हणाली, "मी काही चुकीचं केलं का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ताईंकडे गेले. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतल्यावर लाज कसली बाळगायची? त्या एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "जानेवारीपासून पाठवा. वर्षाचे उरलेत तेवढे महिने तिचे."

घरी येऊन मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं. वाटलं, आनंदाने उडी मारेल. ती कितीतरी वेळ गणवेशाच्या पट्ट्याचं बक्कल उघडझाक करत राहिली.

"नको आई," ती म्हणाली. "तिथे काय करायचं ते कुणी सांगतच नाही ना. मला नाही सुचणार."