मामावरचं गाणं

अर्फाचे वडील चांदसाहेब यांची बेंजो पार्टी कराडपासून सांगलीपर्यंत नावाजलेली. त्यामुळं वरातीचा ठेका पोरीच्या बोटांत भिनलेला. पण बोलायची वेळ आली की बाईसाहेब मूग गिळून बसायच्या. वर्गात तिची हजेरीसुद्धा शेजारची सृष्टी द्यायची.

सृष्टी फौजीची लेक, तोंडानं फटकळ. सांगलीच्या मोर्च्यांतली गाणी तिनं मोबाइलवर भरून घेतली होती. इअरफोनचं एक बोंडूक हिच्या कानात, एक तिच्या. ऐकता ऐकता दोघींना वेड लागलं, आपणही एक गाणं करायचं! विषय दारातच होता. कॉलेजची बस गावच्या फाट्यावर थांबतच नव्हती. पोरी रोज दोन मैल चालायच्या.

पंचाईत एकच. ड्रायव्हर जोतिबा हा सृष्टीचा सख्खा मामा. घरच्यांशी भांडून त्यानंच तिला कॉलेजात घातलेलं.

सृष्टीनं तरी लिहिलंच:

"जोतिबा मामा, गिअर टाका,
पोरी दिसल्या की डोळं झाका!"

"गाण्यातनं मामाचं नाव काढ की," अर्फा कळवळली. "घरचे तुजं शिक्षण बंद करतील."

"दुसऱ्या कुणाचा मामा असता तर काढायला लावलं असतंस?"

रात्रभर अर्फाला वाटत राहिलं, या गाण्यापायी मैत्रीण कॉलेजातून जाणार.

सकाळी पंचवीस पोरी रस्त्यात उभ्या राहिल्या आणि बस थांबली. सृष्टीनं गाणं धरलं, अर्फानं बेंजो छेडला, पण घाबरल्या बोटांतून सवयीचा वरातीचा ठेका निघाला. झालं! पोरी नाचायला लागल्या, मागचे ट्रॅक्टरवाले उतरून नाचायला लागले. भाजीची पाटी घेऊन उभी असलेली राहीबाई म्हातारी विचारू लागली, "नवरदेव कुटं हाय गं?"

कुणीतरी बसकडं बोट दाखवलं. म्हातारीनं लगबगीनं चढून जोतिबाला कुंकू लावलं.

तेवढ्यात मामाचं कडवं आलं, आणि फटकळ सृष्टी नेमकी तिथंच अडली. तिनं अर्फाकडं पाहिलं. अर्फानं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा, खणखणीत आवाजात, ते कडवं म्हटलं.

नाच थांबला. जोतिबा खाली उतरला. "कुनी म्हटलं ह्ये?"

"मी म्हटलं, मामा."

"लिवलं मी," सृष्टी पुढं झाली.

कपाळाला कुंकू, चेहरा लालबुंद. जोतिबा डोकं खाजवत म्हणाला, "येळ चुकली की सायेब वराडतो, म्हनून थांबत न्हवतो. उद्यापास्नं थांबतो, वराडू दे. पर त्या गान्यातनं माजं नाव काडू नगा गं पोरीहो. आजवर माज्यावर कुनी गानं केलं न्हवतं."

मग काय, परत ठेका, परत नाच, आणि मधोमध मामा!

त्या दिवशी अख्खी बस उशिरा पोचली. हजेरी चालू होती. अर्फाचं नाव आलं तशी सृष्टीनं सवयीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी अर्फाच ओरडली, "येस सर!" एवढ्या मोठ्यानं, की सरांच्या हातातलं पेन खाली पडलं.